छातीवरचा पट्टा आणि सोळाशे मीटर

हृदय हा एक पंप आहे हे आपण शाळेत शिकलो. पंपाचा डिस्चार्ज कसा काढायचा हे दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये शिकलो, जर्नल पूर्ण केलं, सह्या घेतल्या आणि विसरलो. या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख कुणी करून दिली नाही. ती या लेखात करून द्यायची आहे. निमित्त आहे हार्ट रेट मॉनिटर, म्हणजे हृदयाचे ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा. तो बांधून वसमतच्या रस्त्यांवर मी आणि माझ्या चुलतभावाने गेलं दीड वर्ष सुट्ट्या-सुट्ट्यांतून पळून पाहिलं. मी हौसेने पळतो. दादा पळतो तो पोलीस भरतीसाठी. माझे दहा सेकंद कमी-जास्त झाले तर कुणाचं काही बिघडत नाही. त्याचं बिघडतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर पूर्ण गुण, त्यापुढे पायरी-पायरीने कमी. वसमतला पहाटे पाचला कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, या २० गुणांमागे लागलेली पोरं दिसतील. बहुतेकांची पद्धत एकच असते. रोज सोळाशे मीटर जीव तोडून पळायचं, वेळ बघायची, कालच्यापेक्षा जास्त लागली तर स्वतःला शिव्या घालायच्या आणि उद्या पुन्हा तेच. दादाही असंच करत होता. सहा महिने त्याची वेळ ५:५० च्या आसपास अडकून बसली होती.

आता पंपाकडे वळू. मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं? एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त गुणिले मिनिटाचे ठोके. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त फेकतं आणि मिनिटाला ७० च्या आसपास ठोके देतं. गुणाकार केला तर ४.९ लिटर, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारतं. जोरात पळताना तोच आकडा सराव नसलेल्या तरुणातही २० लिटरच्या घरात जातो.

गंमत पुढे आहे. नियमित पळण्याने ठोक्यांची वरची मर्यादा जवळपास वाढत नाही. वाढतं ते एका ठोक्यातलं रक्त. म्हणजे मोटारचा आरपीएम तोच, सिलिंडर मोठा झाला. म्हणून सराव केलेल्या माणसाचा विश्रांतीतला ठोका खाली येतो. तेच ४.९ लिटर ९० मिलिलिटरच्या हप्त्याने पाठवायचे तर मिनिटाला ५४ ठोके पुरतात. सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच नाडी मोजली तर हा फरक कळतो. त्याला यंत्रही लागत नाही. मनगटावर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा.

बोटांनी नाडी बघणं आपल्याकडे जुनंच. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचं वर्णन आहे. पण नाडी घड्याळाला जोडायला वेळ लागला. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १७०७ साली यासाठी खास एका मिनिटाचं घड्याळ वापरून पुस्तकच लिहिलं. पुढची मोठी उडी म्हणजे ईसीजी. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोव्हेन याने १९०३ च्या सुमारास तारेचा गॅल्व्हानोमीटर वापरून हृदयाचा विद्युत आलेख काढला. रोग्याचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवलेले आणि यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास! त्या कामाबद्दल त्याला १९२४ चं नोबेल मिळालं. आलेखावरच्या पी, क्यू, आर, एस, टी या खुणा त्यानेच ठेवलेल्या. त्यातलं आर म्हणजे ते उंच टोक, आणि आपला पट्टा फक्त त्या टोकाच्या शोधात असतो.

बादल्यांपासून पट्ट्यापर्यंतचा प्रवास फिनलंडमध्ये पुरा झाला. ओउलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सवाले सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलर कंपनी काढली आणि १९८२ मध्ये बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूला पळता-पळता नाडी मोजता येत नाही, ही त्यांची अडचण. ती आपल्या औंढा रोडवरही तशीच आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांसाठी थोडं आतलं. छातीच्या कातडीवर मिळणारा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास. त्यात छातीच्या स्नायूंचा गोंगाट, श्वासाबरोबर वर-खाली होणारी बेसलाइन आणि पट्टा घासल्याने येणारे झटके. यातून आरचं टोक वेचायचं कसं? १९८५ साली पॅन आणि टॉम्पकिन्स या जोडीने याचं एक झकास उत्तर दिलं. आधी ५ ते १५ हर्ट्झच्या आसपासचा बँडपास फिल्टर. मग डेरिव्हेटिव्ह, कारण आरचा चढ सगळ्यात तीव्र असतो. मग वर्ग, म्हणजे सगळं धन होतं आणि मोठं आणखी मोठं होतं. मग सरकत्या खिडकीतली बेरीज आणि शेवटी परिस्थितीप्रमाणे बदलणारा थ्रेशोल्ड. हे सगळं त्यांनी झेड-८० सारख्या प्रोसेसरवर, असेंब्लीत बसवलं होतं. झेड-८० म्हणजे आपल्या लॅबमधल्या ८०८५ चा चुलतभाऊच. मायक्रोप्रोसेसरच्या व्हायवाला ‘याचा उपयोग काय’ असं विचारलं की मी आता हेच सांगतो.

पट्ट्याची एक अट असते. इलेक्ट्रोडची जागा पाण्याने ओली करून बांधायची. कोरड्या कातडीवर पहिली पाच-सात मिनिटं आकडे वाट्टेल तसे नाचतात, घाम आला की ताळ्यावर येतात. डिसेंबरात, कोरड्या हवेत आणि पॉलिएस्टरच्या टी-शर्टात, हा प्रकार जास्त.

मनगटी घड्याळाचं तंत्र वेगळं. त्याच्या पोटात हिरवे एलईडी असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोक्याबरोबर कातडीखाली रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश घटतो, आणि त्या चढ-उतारावरून ठोके मोजले जातात. बसल्याजागी हे उत्तम चालतं. पळताना मात्र हात हलतो, आत रक्तही हिंदकळतं, आणि काही वेळा घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि ठोकेही त्याच पट्ट्यात असतात, म्हणून शंका येत नाही. आमच्या विंगमधल्या एकाचं घड्याळ रमतगमत पळतानाही १७२ दाखवायचं. पोरगं घाबरून दवाखान्यात निघालं होतं. त्याला थांबवून माझा पट्टा बांधला, तर १४४. सैल घड्याळ, थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि मनगटावर गोंदलेलं असेल तर तेही घोटाळा करतं.

आता आकडा मिळाला. त्याचं करायचं काय?

सगळीकडे एक सूत्र छापलेलं असतं, २२० वजा वय. जिमच्या भिंतीवर, ट्रेडमिलवर, कुठेही. हे सूत्र १९७१ च्या एका लेखातून पसरलं. त्यामागे त्यासाठी मुद्दाम केलेला प्रयोग नव्हता. आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतले बिंदू आलेखावर मांडून डोळ्यांनी ओढलेल्या रेषेसारखंच ते होतं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांची छाननी करून २०८ वजा ०.७ गुणिले वय असं सुधारित सूत्र दिलं. पण सूत्र कुठलंही घ्या, ते सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असतो.

आमचंच उदाहरण घ्या. दादा २२ वर्षांचा. जुन्या सूत्राने त्याची कमाल १९८, नव्याने १९३ च्या आसपास. प्रत्यक्षात चांगलं वॉर्मअप करून ८०० मीटरच्या तीन फेऱ्या, शेवटची सर्वस्व पणाला लावून, अशा मोजल्या तेव्हा पट्ट्याने २०४ दाखवले. मी २० वर्षांचा. सूत्रं म्हणतात २०० किंवा १९४, मी १९३ च्या वर कधी गेलो नाही. (ही चाचणी तब्येत ठणठणीत असलेल्यानेच, सोबत कुणीतरी असताना करावी.)

यापुढचा हिशोब मार्टी कार्व्होनेन या फिनलंडच्याच शास्त्रज्ञाच्या १९५७ च्या कामावरून आलेला. त्याचं म्हणणं, शून्यापासून टक्के काढू नका, कारण जिवंत माणसाचे ठोके शून्यावर कधी नसतात. कमाल वजा विश्रांतीचे ठोके, एवढीच आपली खरी शिल्लक. त्या शिल्लकेचे टक्के काढा आणि विश्रांतीचे ठोके परत मिळवा. दादाची विश्रांती ५८, कमाल २०४, शिल्लक १४६. तिचे ६० ते ७० टक्के काढून ५८ मिळवले की १४६ ते १६० येतात. हा त्याचा आरामात पळायचा पट्टा. भिंतीवरच्या सूत्राने १९८ चे सरळ ७० टक्के काढले असते तर आकडा आला असता १३९, म्हणजे वरच्या मर्यादेत २१ ठोक्यांचा फरक. पहिल्या हिशोबात तो पळतोय, दुसऱ्यात त्याला बहुतेक वेळ चालावं लागलं असतं.

आणि इथे भांडणं सुरू झाली.

कारण १६० च्या आत राहायचं तर दादाला किलोमीटरला सात मिनिटं दहा सेकंद लागत होते. ज्या पोराने पाच मिनिटांच्या घरात सोळाशे मारायचे, त्याने परभणी रोडवर शेळ्या राखायला निघाल्यासारखं पळायचं? मैदानावरची पोरं म्हणायची, “भाऊ, वरातीत चालायलास काय?” काका एकदा मोटारसायकलवरून मागे आले, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “छातीला पट्टा बांधून हळू पळायचं कामून? हळू तर बिनपट्ट्याचंबी पळता येतं की.” हे वाक्य विनोदी वाटेल, पण मुद्दा बरोबर आहे. बिनपट्ट्याचं हळू पळता येतं. येत नाही ते पळवत. शेजारून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप वेग धरतात. पट्टा मर्यादा ओलांडली की पीं-पीं करतो आणि अब्रू घालवतो. माझ्या मते त्याचा मुख्य उपयोग तोच.

पण हळू का पळायचं? पाच-सव्वापाच मिनिटांच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार-पंचमांश भाग ऑक्सिजन वापरून तयार होतो. म्हणजे ही शर्यत दिसते दमाची आणि जिद्दीची, असते मुख्यतः ऑक्सिजन पोचवण्याची आणि वापरण्याची. एका ठोक्यातलं रक्त वाढणं, स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढणं, ही कामं भरपूर वेळ मध्यम ठोक्यांवर पळून होतात. रोज जीव तोडणाऱ्याला तेवढा वेळ पळताच येत नाही. दहा मिनिटांत तो संपतो, आणि दुसऱ्या दिवशी कालचा थकवा घेऊन येतो. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी निरनिराळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाची पाहणी केली. त्यांना आढळलं की दहातली साधारण आठ सत्रं सोपी आणि दोनच खरोखर कठीण असतात. आपल्या मैदानावर हे प्रमाण उलटं.

आपल्या मराठवाड्याचा अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. पॅरिसला जुलै २०२४ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्यांसकट हा वेग किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ४३ सेकंद पडतो. म्हणजे भरतीचे सोळाशे मीटर तो उड्या मारत ४:२१ च्या आसपास संपवेल आणि तरी पुढे १४०० मीटर पळेल. लहानपणी शाळेला पायी, पळत जाणारं हे पोर लष्करात गेल्यावर धावपटू झालं. ती लहानपणची कित्येक वर्षांची रोजची रपेट, छातीला पट्टा नसताना, सोप्या ठोक्यांचीच असणार असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण ते ठोके कुणी मोजले नव्हते.

दादाचं वेळापत्रक आम्ही असं केलं की आठवड्यात दोनच दिवस वेगाचे. बाकीचे दिवस ४० ते ५० मिनिटं १६० च्या आत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीवरूनही काकांशी भांडण झालंच. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की नांदेड रोड उसाच्या ट्रॉल्यांनी भरतो, तेव्हा शेताच्या कच्च्या रस्त्याने पळायचं.

वेगाच्या दिवशी मात्र पट्टा खिशात. हे कंट्रोल सिस्टीम शिकणाऱ्यांना लगेच पटेल. हृदय ही फर्स्ट ऑर्डर सिस्टीम धरा. वेगाचा स्टेप इनपुट दिला की ठोके एक्स्पोनेन्शियल वाढतात. टाइम कॉन्स्टंट ३० सेकंद धरला तर ३६ सेकंदांचे २०० मीटर संपतात तेव्हा ठोके अंतिम आकड्याच्या वाटेवर फक्त ७० टक्के पोचलेले असतात. तुम्ही थांबता, तेव्हा आकडा अजून मागच्या गोष्टीची बातमी देत असतो. शरीर इतकं सरळ नसतं हे खरं, पण छोट्या वेगवान फेऱ्यांसाठी स्टॉपवॉचच हवं. ज्या मित्रांना २०० मीटरच्या फेऱ्या ‘झोन’ बघून मारायच्या असतात, त्यांनी हा आलेख एकदा काढून बघावा.

एप्रिल-मे हा आमच्याकडे वेगळाच धडा. हळदीचा हंगाम उरकत आलेला असतो, सकाळी साडेसातलाच ऊन टोचायला लागतं, दुपारी पारा चाळिशीपार. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पळताना दादाचे ठोके पंधराव्या मिनिटाला १५२ आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला १६८. वेग रतीभरही वाढलेला नाही. कारण साधं आहे. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, हृदयात परतणारं रक्त कमी होतं आणि एका ठोक्याचा हप्ता लहान होतो. गुणाकार तोच राखायचा तर ठोके वाढवणं भाग. अशा दिवशी घड्याळातला वेग विसरायचा आणि ठोके धरून पळायचं, मग किलोमीटरला आठ मिनिटं लागली तरी चालेल. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर कमी केलं गेलं. पण उकाड्यात, अर्धपोटी, रात्रभर प्रवास करून आलेलं पोर जीव तोडून पळतं तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं, हे वरच्या गुणाकारात आहे.

मैदानी चाचणीच्या नऊ दिवस आधीची गोष्ट. दादाची सकाळची नाडी रोज ५५-५६ यायची, ती ७१ आली. त्याला काही होत नव्हतं, जरा अंग जड होतं इतकंच. दुसऱ्या दिवशी ७४. मी हॉस्टेलवर, तो वसमतला. फोनवर म्हणाला, “काय करू? सगळे म्हणायलेत, शेवटचा आठवडा आहे, मार जोर.” मी म्हणालो, “दादा, आज पळू नको. उद्या आकडा सांग.” काकूंनी हळदीचं दूध सुरू केलं. (वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे या उपचाराला घरात आता विरोध करता येत नाही.) तिसऱ्या दिवशी ताप चढला, १०२. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पूर्ण विश्रांती सांगितली. पाचव्या दिवशी नाडी ६१, सातव्या दिवशी ५७. तेव्हा तो वीस मिनिटं अगदी हळू पळाला. अंगात विषाणूचा ताप असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. आपल्या हॉस्टेलमध्ये ताप असताना मॅच खेळणाऱ्या वीरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पट्ट्याला काय कळत नाही, तेही सांगायला हवं. तो ठोके मोजतो, हृदय तपासत नाही. पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, अचानक धडधड सुरू होऊन अचानक थांबणं, किंवा घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलेलं असणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. काही जणांच्या हृदयाचा स्नायू जन्मजात कारणाने जाड होतो आणि पहिली खूण मैदानावरच दिसते. पट्ट्यावर १५० चा आकडा त्यांचाही तसाच दिसेल.

दादाला चाचणीत सोळाशेला ५:१४ लागली. दीड वर्षापूर्वीचे ५:५२ होते. आता १६० च्या आत तो किलोमीटरला सहा मिनिटं वीस सेकंदांनी पळतो, काका मोटारसायकलवरून आले तरी. लेखी परीक्षेत दोन गुणांनी यादीबाहेर राहिला. पुढचा फॉर्म भरणार आहे, आणि सध्या सकाळी पळून झालं की अंकगणित करतोय, ज्यात माझा पट्टा काही कामाचा नाही.

तो पट्टा सेमिस्टर चालू असताना माझ्या खोलीवर असतो. ज्यांना चार-आठ दिवस वापरून बघायचा असेल त्यांनी घेऊन जावा. बटणसेल आपला आणावा, बांधण्याआधी ओला करावा आणि परत देताना कृपया धुऊन द्यावा.